‘काकू, अमोल आहे का?’ : शाळा व्यवस्थापन समित्या आणि ग्रामसभांना खुले पत्र

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये ३१ वर्षे शिकवून मी निवृत्त झाले आहे. त्यांतली शेवटची ११ वर्षे कृष्णाकाठच्या एका सातवीपर्यंतच्या शाळेत गेली आणि मुख्याध्यापिका असल्यामुळे शाळा व्यवस्थापन समितीचे सचिवपद ओघानेच माझ्याकडे होते. बैठकीचे इतिवृत्त लिहिणे हे माझे काम. वीजबिल, स्वच्छतागृहाचे मोडलेले दार, पोषण आहाराच्या तांदळाला लागलेली कीड हे विषय आले आणि गेले. ‘मुलांचा मोबाइल’ हा विषय मात्र विषयपत्रिकेवरून हलला नाही. त्याखाली ठरावही दर वेळी तोच लिहिला जाई : मुलांच्या हाती मोबाइल देऊ नये, पालकांनी लक्ष ठेवावे, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. हा ठराव मी स्वतःच्या अक्षरात तीनदा लिहिला. तिन्ही वेळा त्याचा काही उपयोग झाला नाही. तो का झाला नाही याविषयी मला जे वाटते ते आता, खुर्चीवरून उतरल्यावर, मोकळेपणाने सांगावे म्हणून राज्यातल्या गावोगावच्या समित्यांना आणि ग्रामसभांना हे पत्र लिहीत आहे.

आपल्या बैठकांमध्ये मोबाइलची चर्चा होते ती अभ्यास बुडतो, डोळे बिघडतात, नको ते पाहिले जाते, या अंगाने. या काळज्या खऱ्या आहेत आणि त्यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. माझी काळजी वेगळी आहे. मागणे, नाही म्हणणे, भांडणे, समेट करणे, अनोळखी माणसाशी दोन शब्द बोलणे हे मुलांना कोणी शिकवत नसे. रोजच्या जगण्यातल्या काही ठरलेल्या जागी त्याचा सराव आपोआप होत असे. त्यांतल्या काही जागा मोबाइलने घेतल्या, आणि काही मोबाइल येण्याच्या आधीच आपण मोठ्यांनी बंद करून टाकल्या होत्या. ठराव करायचा तर या जागांबद्दल केला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी एखाद्या मुलाला खेळायला मित्र हवा असे तेव्हा तो त्याच्या दारात जाऊन उभा राही. दार उघडे असले तरी एकदम आत शिरायचे नाही, उंबऱ्याशी थांबायचे आणि विचारायचे, ‘काकू, अमोल आहे का?’ अमोल घरात असो वा नसो, उत्तर अमोलकडून येत नसे. काकू म्हणत, ‘जेवतोय, बस जरा.’ मग सोप्यात बसलेली आजी विचारी, ‘कुणाचा रं तू?’ आणि बापाचे नाव, आडनाव, वस्ती, कधी कधी आईचे माहेर इतके सगळे सांगितल्याशिवाय त्या प्रश्नातून सुटका नसे. अमोलचे वडील घरात असले तर आवाज आपोआप खाली येई. काकूंचा चेहरा उतरलेला दिसला तर आज खेळायचे नाव काढायचे नाही, हे न सांगता उमगे. एका खेळगड्याला बोलावण्याच्या नादात ते मूल तीन वयांच्या माणसांशी तीन वेगवेगळ्या सुरांत बोलून जाई, आणि आपण काही शिकतो आहोत याची त्याला गंधवार्ताही नसे. घरोघरी तारेचे फोन आले तेव्हाही हे मोडले नाही, कारण फोन पुढच्या खोलीत असे आणि तो कोण उचलेल याचा भरवसा नसे. ‘नमस्कार काका, अमोल आहे का?’ हे वाक्य फोन फिरवण्याआधी मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहणारी एक अख्खी पिढी आज पालक होऊन आपल्या समितीत बसली आहे.

आता मुलगा फाटकाबाहेर सायकलवरून एक पाय टेकून उभा राहतो आणि ‘बाहेर आलोय’ एवढे टाइप करतो. अमोल चपला अडकवून निघतो. आपला मुलगा कोणाबरोबर गेला हे स्वयंपाकघरातल्या काकूंना कळत नाही, आणि बाहेरच्या मुलाला अमोलची आजी हयात आहे की नाही हेसुद्धा ठाऊक नसते. दोन मित्रांमधला संपर्क अधिक सोपा झाला, यात शंका नाही. फक्त त्या दोघांच्या मध्ये जे घर उभे असायचे ते वगळले गेले.

याचा परिणाम मी एका सतरंजीच्या निमित्ताने पाहिला. स्नेहसंमेलनाच्या तयारीत मी सातवीच्या दोन मुलांना ग्रामपंचायतीतून मोठी सतरंजी आणायला पाठवले. पंधरा-वीस मिनिटांनी दोघेही रिकाम्या हाताने परत आले. ‘बाई, तिथं कुणीतरी बसलं होतं,’ एकाने सांगितले. कुणीतरी म्हणजे ग्रामसेवक. ‘मग मागितली का नाही?’ असे विचारल्यावर दोघे एकमेकांकडे पाहू लागले, आणि त्यांतला जरा धीट मुलगा मला म्हणाला, ‘तुम्ही व्हॉट्सॲप करा ना बाई.’ मला आधी हसू आले आणि मग नाही आले, कारण हा मुलगा लाजाळू नाही. त्याच्या रील मी पाहिल्या आहेत. कॅमेऱ्यासमोर तो असा काही बोलतो की आमच्या तालुक्यातले पुढारी मागे पडावेत. पण कॅमेरा उलट विचारत नाही, आणि चुकले तर पुसून पुन्हा बोलता येते. ग्रामसेवक मान वर करून ‘काय पाहिजे?’ म्हणतील, त्या वेळी पहिल्याच फटक्यात, त्यांच्या डोळ्यांत पाहून, ‘बाईंनी सतरंजी मागितलीय’ असे म्हणावे लागते आणि त्याला रिटेक नसतो. त्या मुलाजवळ बोलण्याची कला भरपूर होती; समोरच्याचे उत्तर झेलण्याची सवय मात्र त्याला कुठे लागलीच नव्हती.

दुसरी गोष्ट भांडणाची. आमच्या वेळी, आणि अगदी माझ्या नोकरीच्या पहिल्या पंधरा वर्षांतही, मुलींची भांडणे ‘कट्टी’ने होत. कट्टी घ्यायला समोर उभे राहावे लागे, हाताची खूण करून ती जाहीर करावी लागे, आणि तिला साक्षीदार असत. साक्षीदार असल्यामुळेच मध्यस्थही असत. मधल्या सुट्टीत कोणीतरी दोघींचे हात धरून आणी, ‘घ्या बट्टी’ म्हणे, आणि डब्यातली लोणच्याची फोड इकडून तिकडे गेली की प्रकरण मिटे. शिवाय शाळा सुटली की भांडणही घरी जाई. मध्ये रात्र पडे, आणि पुष्कळशी भांडणे त्या रात्रीतच विझत.

ब्लॉक करणे ही आजची कट्टी आहे असे मुले मला सांगत, पण मला ते पटत नाही. कट्टी सांगून घेतली जाते. ब्लॉक केल्याचे कोणी सांगत नाही, ते ज्याचे त्याने ओळखायचे. माझ्या सहावीच्या वर्गातली एक मुलगी सलग आठ-दहा दिवस मधल्या सुट्टीत पोट दुखते म्हणून वर्गातच बसून राहू लागली. आईला बोलावले, दवाखाना झाला, काही निघाले नाही. पुढे क्रीडास्पर्धेच्या दिवशी तिची जोडीदारीण रडत रडत माझ्याकडे आली तेव्हा उलगडा झाला. मुलींचा एक ग्रुप होता. त्यांनी तो बंद न करता शेजारी दुसरा ग्रुप काढला होता; नाव तेच, डीपी तोच, माणसे तीच, फक्त ही एक मुलगी त्यात नव्हती. जुन्या ग्रुपवर ती रोज ‘गुड मॉर्निंग’ टाकत होती आणि कोणी उत्तर देत नव्हते. वर्गात सगळ्या तिच्याशी नीट बोलत होत्या, एका बाकावर बसत होत्या, वहीसुद्धा देत होत्या. ३१ वर्षे वर्गावर नजर ठेवायची सवय असलेल्या मला यातले काही म्हणजे काही दिसले नव्हते. ज्या भांडणाला आवाज नाही, साक्षीदार नाहीत आणि मध्ये रात्रही नाही, ते मिटवायला कोणी आणि कसे यायचे?

हे सगळे झाले कसे, याचा विचार करताना दोष एकट्या मुलांच्या पदरी टाकता येत नाही. ५ सप्टेंबर २०१६ रोजी, म्हणजे नेमक्या शिक्षकदिनी, जिओची सेवा सुरू झाली आणि पाहता पाहता इंटरनेट गावातल्या प्रत्येक घराला परवडू लागले. (त्या दिवशी आम्ही शाळेत मुलांना एक दिवसाचे शिक्षक करून मजा पाहत होतो, खऱ्या शिक्षकाची खुर्ची त्याच दिवशी हलली, हे कळायला काही वर्षे गेली.) तरीही मोबाइल तोपर्यंत वडिलांचा होता. तो मुलांच्या हातात रीतसर दिला तो आम्ही, २०२० च्या टाळेबंदीत. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि जूनपासून अभ्यास मोबाइलवर आला. ज्यांच्या घरी स्मार्टफोन नव्हता त्यांनी उसनवारी करून घेतला, कोणी शेळी विकून घेतला. ग्रामीण भागात पाचवीपासूनचे आणि शहरांत आठवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा भरू लागले, लहानांना त्याहून अधिक थांबावे लागले. २०२० च्या जूनमध्ये पहिलीत नाव घातलेली मुले प्रत्यक्ष वर्गात येऊन स्थिरावली तेव्हा ती तिसरीच्या उंबरठ्यावर होती. ती मुले माझ्याशी छान बोलत, कारण घरात मोठ्यांशी बोलायची सवय होती. एकमेकांशी मात्र त्यांना बोलता येत नसे. खो-खोत ‘खो’ मिळाल्यावर धावायचे, हे त्यांना दहा मिनिटांत कळले. आपल्यावर राज्य आले तर रुसायचे नाही, हे शिकायला जवळपास वर्ष गेले. टाळेबंदीत दुसरा मार्ग नव्हता, हे मी मान्य करते. माझी तक्रार त्यानंतरची आहे.

शाळा सुरू झाल्या, पण ग्रुप बंद झाले नाहीत. गृहपाठ ग्रुपवर, सूचना ग्रुपवर, उद्या रंगीत कागद आणा हे रात्री साडेनऊला ग्रुपवर. हे मी स्वतः केले आहे, म्हणून सांगते. पूर्वी मूल एक दिवस गैरहजर राहिले की संध्याकाळी वही मागायला मैत्रिणीच्या घरी जात असे. तेथे पाणी मिळे, कधी पोहे मिळत, मैत्रिणीच्या भावाची परीक्षा, म्हशीचे वेत, सगळ्या बातम्या मिळत आणि जाता जाता गणितही उतरवून होई. आता फळ्याचा फोटो येतो. तो फोटो पहिल्यांदा मीच पाठवला आणि आपण मुलांची सोय केली म्हणून मला बरेही वाटले. मुलांना मोबाइलपासून दूर ठेवा असा ठराव दुपारी लिहायचा आणि रात्री त्याच मुलांना मोबाइल उघडायला लावायचा, हा आमचा उद्योग कोणत्याही मुलाच्या सहज लक्षात येईल असा होता, आणि तो आलाही. ‘बाई, मोबाइल बघितल्याशिवाय अभ्यास कसा कळणार?’ या प्रश्नावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

‘असर’ या सर्वेक्षणाचा २०२४ चा अहवाल पाहिला तर हे चित्र आपल्या एका गावापुरते नाही हे दिसते. देशाच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलामुलींपैकी ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येतो. आदल्या आठवड्यात त्याचा उपयोग अभ्यासासाठी केला असे सांगणारे ५७ टक्के आणि समाजमाध्यमांसाठी केला असे सांगणारे ७६ टक्के निघाले. मला याच अहवालातली दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६ टक्के आहेत आणि मुली २७ टक्के. बंदीचा ठराव झाल्यावर पहिला फोन कोणाचा काढून घेतला जातो, हे सांगायला सर्वेक्षणाची गरज नाही. आपण सगळे ते जाणतो. मुलगा सातनंतर पारावर जातो, चौकात जातो, गणपतीच्या मंडळात जातो. मुलगी दिवेलागणीला घरात असते. तिच्या मैत्रीला उरलेली एकच खिडकी आपण ठरावाने बंद करतो आणि दार तर आधीच बंद असते.

खिडकी हा शब्द मी विचार करून वापरला. दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या आमच्या भागात येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्याच्या आसपास कोपी घालून राहतात. त्यांतली काही मुले आमच्या शाळेत बसत. एक मुलगी होती, पाचवीची. आमच्या वर्गात चार महिने बसूनही ती कोणाशी फारशी बोलली नाही, आणि आमच्या मुलांनीही तिला बोलते केले नाही, हे मान्य करायला हवे. पण रोज संध्याकाळी आईच्या फोनवरून ती गावाकडच्या तीन मैत्रिणींना व्हिडिओ कॉल करी. ऊस, बैल, कोपी, सगळे त्यांना दाखवी. त्या तिला शाळेत नवीन लावलेले झाड दाखवत. पूर्वी अशी मुले गावी परतत तेव्हा वर्गात पाहुण्यासारखी बसत. ही मुलगी परत गेली ती आपल्या जागेवर जाऊन बसली, असे तिच्या गावच्या गुरुजींनी मला कळवले. तसेच आमच्या गावातल्या एका कर्णबधिर मुलाचे. घरात कोणाला खाणाखुणांची भाषा येत नाही. ती येणारे त्याचे मित्र जिल्ह्याच्या ठिकाणी निवासी शाळेत. सुट्टीत तो मोबाइल समोर उभा करून त्यांच्याशी दोन्ही हातांनी तासन्‌तास बोलतो आणि मध्येच मोठ्याने हसतो. ‘मुलांना मोबाइल देऊ नये’ हा सर्वानुमते मंजूर झालेला ठराव त्याच्या वडिलांना कोणी समजावून सांगायचा?

आपल्या राज्यातल्या दोन गावांची उदाहरणे बैठकांमध्ये वारंवार दिली जातात, म्हणून त्यांविषयी लिहिते. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बांशी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी घालणारा ठराव केला. त्याच्या थोडे आधी, ऑगस्ट २०२२ मध्ये, सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव येथे गावाने वेगळे पाऊल उचलले : संध्याकाळी सातला भोंगा वाजायचा आणि साडेआठच्या भोंग्यापर्यंत घरातला टीव्ही आणि मोबाइल दोन्ही बंद ठेवायचे. दोन्ही गावांची कळकळ सारखीच आहे, पण मला वडगावची रीत अधिक शहाणपणाची वाटते, कारण भोंगा घरात शिरताना वय विचारत नाही. बापाची बातमी आणि आईची मालिका यांनाही तो लागू होतो. माझी त्यात एकच भर आहे. तो दीड तास बहुतेक ठिकाणी अभ्यासाला जोडला जातो. अभ्यास व्हावा, पण पुस्तकात डोके घालून एकट्याने बसलेले मूलही कोणाशी बोलत नसतेच. त्यातला निम्मा वेळ माणसांसाठी राहावा.

मोठ्यांचा उल्लेख आलाच आहे तर एक कटू आठवण काढते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे, आठवडे बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. अफवा मोबाइलवरून पसरलेली होती आणि मारहाण झाली ती ग्रामपंचायतीच्या खोलीत. भिक्षेकरी गोसावी आपल्या गावांना परके नव्हते. दारात उभा राहिला की त्याला गाव विचारायचे, पसाभर धान्य घालायचे, ही जुनी रीत. त्या दिवशी खिशातल्या निरोपावर विश्वास ठेवला गेला आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला विचारले गेले नाही, किंवा त्याचे उत्तर ऐकले गेले नाही. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. तो जमाव मोबाइल हातात घेऊन लहानाचा मोठा झालेला नव्हता. तो आपल्या पिढीचा होता. अनोळखी माणसाशी बोलण्याची सवय लहान मुलांनाच लावायची आहे असे आपण समजत असू तर ती समजूत आधी सोडावी.

कायद्याने हे काम होईल, अशी आशा काही सदस्य व्यक्त करतात. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवता येणार नाही असा कायदा अमलात आणला आहे. त्यात दंड कंपन्यांना आहे, मुलांना किंवा पालकांना नाही, ही त्यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट. आपल्याकडेही २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी, असे कलम आहे. पण आपल्या घरांत फोन वडिलांचा, नंबर वडिलांचा आणि खातेही वडिलांच्याच नावाचे; पडद्यामागे अकरा वर्षांचा मुलगा बसलेला असला तरी कंपनीच्या दप्तरी तो चाळिशीचा शेतकरी असतो. जून २०२० मध्ये टिकटॉक बंद झाले, सप्टेंबरात पबजी बंद झाले. दोन्ही वेळा आमच्या मुलांनी आठवडाभरात दुसरे काहीतरी शोधून काढले. कायदे व्हावेत, मी त्यांच्या आड येणार नाही. पण अमोलच्या दारात जाऊन हाक मारायला मुलाला कोणताही कायदा शिकवणार नाही.

ते आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी निधीही लागत नाही. शिक्षणहक्क कायद्याने आपल्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, असे ठरवून दिले आहे. इतका अधिकार गावातल्या दुसऱ्या कोणत्या समितीत आईबापांना नाही. तेव्हा पहिला ठराव शाळेविरुद्ध करा. गृहपाठ फळ्यावर लिहिला जाईल, ग्रुपवर येणार नाही. गैरहजर मुलाने वही मित्राच्या घरी जाऊन आणायची, फळ्याचा फोटो कोणीही पाठवायचा नाही. संध्याकाळी सहानंतर शाळेच्या ग्रुपवर सूचना पडणार नाही, पूर किंवा अपघातासारखे काही असेल तर अपवाद. शिक्षक कुरकुरतील. मीही कुरकुरले असते, कारण वरून येणारा प्रत्येक आदेश व्हॉट्सॲपवर येतो आणि केलेल्या प्रत्येक कामाचा फोटो वर पाठवावा लागतो. ‘मुलांचा मोबाइल’ हा विषय चालू असलेल्या एका बैठकीत मी सहज मोजले तेव्हा अकरा सदस्यांपैकी सात जण मोबाइलमध्ये पाहत होते आणि आठवी मी होते, बैठक झाल्याचा पुरावा म्हणून फोटो पाठवत.

ठराव करण्यापूर्वी मुलांना विचारा. बालसभा कागदावर सगळीकडे आहे, ती एकदा खरोखर भरवा आणि मोठ्यांनी मागे बसून ऐका. मला खात्री आहे की मुले बंदीला सरसकट विरोध करणार नाहीत. माझ्या वर्गातल्या मुलांची पहिली मागणी ‘जेवताना बाबांनी फोन ठेवावा’ ही होती. ज्यांच्या हाती फोन आहेच त्यांना तो नीट वापरायलाही शिकवावे लागेल. त्रास देणाऱ्याला ब्लॉक कसे करायचे किंवा त्याची तक्रार कशी करायची हे समाजमाध्यमे वापरणाऱ्या मुलांपैकी ६२ टक्क्यांनाच ठाऊक असल्याचे त्याच ‘असर’ अहवालात आहे. म्हणजे बाकीची मुले त्रास सोसत बसतात किंवा, फोन जाईल या भीतीने, घरी सांगत नाहीत. ब्लॉक करणे मैत्रिणीवर उगारायचे नसते, ते अशा माणसासाठी असते, हा फरकही तेव्हाच सांगता येईल.

आणि मैदान. याच एका गोष्टीचा मला सर्वांत जास्त आग्रह आहे. शाळेला मैदान असलेच पाहिजे असे कायदा म्हणतो; पाचनंतर ते कोणासाठी, याविषयी तो काही म्हणत नाही. आमच्या शाळेचे मैदान गावातले सर्वांत मोठे मोकळे आवार आहे आणि शाळा सुटली की फाटकाला कुलूप लागते. कारणे सगळ्यांना माहीत आहेत : रात्री कोणी दारू पिऊन बसते, काचा फुटतात, नळ तुटतात आणि जबाबदारी मुख्याध्यापकावर येते. ते कुलूप लावण्याची सूचना काही वर्षांपूर्वी मीच मांडली होती आणि आपण ती सर्वानुमते मंजूर केली होती. रस्त्यावर आता ट्रॅक्टर आणि डंपर धावतात, पाराभोवती गाड्या लागतात, देवळाच्या पटांगणाला फरशी घालून जाळी बसवली. मुलांनी भेटायचे कुठे, हे आपण एकदाही ठरवले नाही. त्यांनी भेटण्याची जागा स्वतः शोधली आणि ती खिशात मावणारी निघाली.

हे फाटक रोज संध्याकाळी साडेपाच ते साडेसात उघडे असावे. तेथे प्रशिक्षक नको, स्पर्धा नको, बक्षीस तर मुळीच नको. राज्य कोणावर आणि चेंडू रेषेच्या आत की बाहेर, हे मुलांनी भांडून ठरवावे. दोन पालक पाळीने कट्ट्यावर बसले की पुरे, आणि त्यांतली एक आई असावी, म्हणजे मुलींना घरून सोडताना कोणाला कारण राहणार नाही. बसणाऱ्यांनी मोबाइल घरी ठेवून यावे, कोणाचा निरोप आलाच तर तो मुलाकरवी येईल. ऊसतोडीच्या कोप्यांवरची मुले आली तर त्यांना आत घ्यावे, ती आपणहून येणार नाहीत, त्यांना बोलवायला आपली मुले पाठवावीत.

माझ्या जुन्या शाळेच्या फाटकाची किल्ली समोरच्या किराणा दुकानात खिळ्याला टांगलेली असते. दुकानदार साडेसातला दुकान वाढवतात. त्यांनी ती संध्याकाळी द्यायची कोणाला आणि परत घ्यायची कोणाकडून, एवढा एकच विषय पुढच्या बैठकीच्या पत्रिकेवर ठेवावा, अशी त्या समितीला माझी विनंती आहे, आणि आपापल्या गावातली किल्ली कोठे असते ते पाहून इतर समित्यांनीही तसेच करावे. पहिल्या पंधरवड्याची पाळी माझ्या नावावर लिहून ठेवावी. ज्यांना काही विचारायचे असेल त्यांनी घरी यावे. मी संध्याकाळी पाचपर्यंत घरीच असते.

आपली,
एक निवृत्त मुख्याध्यापिका